बेस अँपचा आवाज फाटतोय: दोष अँपमध्ये की कॅबिनेटमध्ये?

डिचोलीचा_बेस
नमस्कार मंडळी. हेड, म्हणजे स्पीकर नसलेला अँप, क्लास डी प्रकारचा, ४ ओमला ५०० वॅट. खाली चार दहा-इंची स्पीकरांचं ८ ओमचं कॅबिनेट. बेस गिटार पाच तारांचा, ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला. पावसाचे चार महिने सगळं सामान खोलीत झाकून होतं. आता जोडलं तर दोन तक्रारी आहेत.

हळू वाजवलं की आवाज फाटका येतो, फझ इफेक्ट लावल्यासारखा. एखादा सूर दणकून मारला की थोडा वेळ स्वच्छ, मग परत तेच. दुसरी तक्रार ई तारेवर, तिसऱ्या ते पाचव्या फ्रेटच्या आसपास. तिथे 'फर्रर्र' होतं, बाकीच्या जागी नाही. तार फ्रेटला लागत नाही, केबल बदलून झाली.

तुळशीच्या लग्नानंतर कार्यक्रम सुरू होतील. कुणी म्हणतं स्पीकर उडाले, कुणी म्हणतं अँपमधला आयसी (चिप) गेला. सुरुवात कुठून करू?

कथील_आणि_कावीळ
आयसी वगैरे आत्ताच नको. तुम्ही सांगताय ते दोन वेगळे दोष आहेत, एकाच औषधाने जाणार नाहीत.

जोरात वाजवल्यावर फाटतो तो आवाज ताकद संपल्याचा. हळू वाजवताना फाटतो आणि दणका दिल्यावर सुधारतो तो बहुतेक वेळा खराब संपर्काचा. बारीक सिग्नल गंजाच्या थरातून नीट जात नाही, मोठा सिग्नल वाट करून घेतो. गोव्याच्या पावसाळी हवेत याचं ठरलेलं ठिकाण म्हणजे मागचा इफेक्ट्स लूप, बाहेरचे इफेक्ट जोडायच्या सेंड आणि रिटर्न जॅकची जोडी. त्याच्या रिटर्न जॅकमध्ये आतून एक पत्ती असते. पिन नसताना ती मिटलेली असते आणि प्रीअँपचा, म्हणजे अँपच्या पहिल्या टप्प्याचा, सगळा आवाज तिच्यातूनच पॉवर अँपकडे जातो. वर्षानुवर्षं तिथे कुणी पिन घालत नाही, त्यामुळे ती घासली जात नाही आणि काळी पडते.

तपासणी दोन मिनिटांची. पाव इंची पिनांची छोटी केबल घ्या, एक टोक सेंडमध्ये, दुसरं रिटर्नमध्ये. फझ गेला तर चोर सापडला. नाही गेला तर मोबाईल ऑक्स-इनला (बाहेरचं गाणं लावायच्या जॅकला) लावून एखादं गाणं हळू आवाजात वाजवा. बऱ्याच हेडमध्ये ऑक्स प्रीअँपच्या नंतर जोडलेला असतो. गाणं स्वच्छ आणि बेस फाटका, म्हणजे दोष इनपुट जॅक, गेनचा पॉट (नॉबखालचा भाग) किंवा खुद्द बेसमध्ये. दोन्ही फाटके, तर पॉवर अँप किंवा कॅबिनेट. दुसरं कॅबिनेट लावलंत की तेही दोन वेगळे होतात.

बेसमधली ९ व्होल्टची बॅटरी मीटरने मोजली का? वाजवून झाल्यावर केबल जॅकमध्येच ठेवण्याची सवय असेल तर नवीन बॅटरीही लवकर बसते, कारण तो जॅकच तिचा स्विच असतो. ८ व्होल्टच्या खाली असेल तर टाकून द्या.

मडगावचा_साउंडवाला
'फर्रर्र' माझ्याकडे. ई तारेचा तिसरा फ्रेट म्हणजे ४९ हर्ट्झ, पाचवा ५५. तेवढ्याच पट्ट्यात आवाज होतो म्हणजे काहीतरी सैल आहे आणि त्या कंपनाला थरथरतंय. अँप फाटला असता तर सगळ्याच सुरांवर फाटला असता.

आधी पुढची जाळी काढा. अर्ध्या तक्रारी जाळी, हँडल आणि मागच्या जॅक-प्लेटच्या सैल स्क्रूच्या असतात. मग मोबाईलवर टोन जनरेटरचं ॲप घ्या, ऑक्सला जोडा आणि ४० ते ८० हर्ट्झपर्यंत साइन टोन सावकाश वर न्या. आवाज बोलण्याइतकाच ठेवा. अखंड साइन टोनने व्हॉइस कॉइल (स्पीकरचा पडदा हलवणारी तारेची गुंडाळी) तापते, जोरात लावून गंमत बघत बसू नका. फर्रर्र सुरू झालं की आकडा तिथेच थांबवा आणि एकेका स्पीकरच्या मधल्या टोपीवर, म्हणजे डस्ट कॅपवर, बोटाचं टोक अगदी हलकं टेकवा. आवाज थांबला तर टोपीचा गोंद सुटलाय. नाही थांबला तर कोनच्या, म्हणजे पडद्याच्या, कडेने, फ्रेमपाशी, असं तपासत जा.

मग अँप बंद करून दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवा आणि समान दाब देऊन ३-४ मिलिमीटर आत ढकला. वाळूवर घासल्यासारखं लागलं तर कॉइल घासतेय, तो स्पीकर रीकोनला, म्हणजे नवा कोन आणि कॉइल बसवायला, द्यावा लागेल. एका बोटाने ढकलू नका, कोन वाकडा होऊन चांगला स्पीकरही घासतो आणि उगाच घाबरायला होतं.

जाता जाता कॅबिनेटची केबल हेडमधून काढून तिच्या टोकाशी ओम मोजा. ८ ओमच्या अशा कॅबिनेटमध्ये बहुधा ८-८ ओमचे दोन स्पीकर सिरीजमध्ये, अशा दोन जोड्या पॅरललमध्ये असतात. मीटरवर ५.५ ते ६.५ आलं तर चारही जिवंत. १२ च्या आसपास आलं तर एक जोडी गप्प आहे.

वाळपईकर_रिदम
मंडपातलं व्होल्टेजही बघा. जनरेटरवर, बारीक वायरच्या लांब एक्स्टेन्शनच्या शेवटी, वाजवत असतानाच मोजा. नुसतं लावून मोजलं तर २३० दाखवतं आणि बेस सुरू झाला की बसतं.

कथील_आणि_कावीळ
सल्ला बरोबर, पण इथे लागू नाही. व्होल्टेज बसलं तर मोठ्या आवाजाला त्रास होतो, हळू वाजवताना नाही. शिवाय हे घरी होतंय.

डिचोलीचा_बेस
करून पाहिलं. सेंड-रिटर्नमध्ये केबल लावताच फझ गायब. कॅबिनेट ५.९ ओम. फर्रर्र ५३ हर्ट्झला सगळ्यात जास्त, खालच्या उजव्या स्पीकरचं. टोपीला बोट लावलं की थांबतं, आणि कडेचा साधारण दोन सेंटिमीटर भाग नखाने उचलला जातो. ढकलून पाहिलं, घासत नाही. बॅटरी ९.१. घरी गंज काढायचा स्प्रे आहे तो जॅकमध्ये मारू का? आणि टोपीला फेव्हिक्विक चालेल?

कथील_आणि_कावीळ
दोन्हीला नाही. तो स्प्रे बिजागरीला ठीक, जॅकमध्ये तेलाचा थर सोडतो आणि त्यावर धूळ बसते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनर मागा, नसेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. हेडची मेन वायर काढून ठेवा. पिनच्या टोकाला थोडं लावून रिटर्नमध्ये २०-३० वेळा आत-बाहेर करा, थोडं आणखी लावून परत. अर्धा तास वाळू द्या. सेंड आणि इनपुट जॅकलाही तेच. झाकण उघडायची गरज नाही. आत मेनवर चालणाऱ्या सप्लायचे कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून असतात.

साफ करूनही दोन महिन्यांत परत आलं तर पत्तीचा ताण गेलाय, जॅक बदला. तोवर ती छोटी केबल तशीच राहू दे, अँपला त्याने काही होत नाही.

मडगावचा_साउंडवाला
फेव्हिक्विक पातळ असतं, वाहत जाऊन कॉइलच्या फटीत बसलं तर स्पीकर कायमचा गेला. शिवाय ते कडक सुकतं, कंपनाने परत तडकतं. स्पीकर रिपेअरवाल्याकडे रबरासारखा सुकणारा काळा गोंद मिळतो, तो घ्या.

कॅबिनेट पाठीवर आडवं करा, केबल काढलेली असू द्या. स्पीकर बाहेर काढायची गरज नाही. पण काढलातच तर स्क्रूड्रायव्हरवर एक तळवा आडवा धरा. चुंबक तो असा खेचतो की हात सुटून थेट कोनमधून आरपार जातो. वायरच्या प्लस-मायनसवर टेपची खूण करा आणि बसवताना स्क्रू समोरासमोरचे, हाताने, थोडे थोडे घट्ट करा.

टोपी जिथे सुटली आहे तिथून आत टॉर्च मारा. लोखंडाचा कीस किंवा गंजाची पूड दिसली तर मास्किंग टेपच्या चिकट बाजूने उचला, फुंकू नका. काडीने कडेला गोंदाची बारीक रेघ ओढा, टोपी हलके दाबा आणि २४ तास तसंच आडवं राहू द्या. जास्त गोंद म्हणजे कोनवर जास्त वजन.

डिचोलीचा_बेस
कळलं. उद्या संध्याकाळी तालीम आहे, गोंद तोवर सुकणार नाही. तो एकच स्पीकर काढून टाकून वाजवलं तर?

मडगावचा_साउंडवाला
एकाची वायर काढली की त्याच्या सिरीजमधला जोडीदारही बंद. दोनच वाजतील, लोड १६ ओम होईल, आवाज साधारण ६ डीबीने उतरेल. अँपला धोका नाही, तालमीला पुरेल. फक्त स्पीकर जागेवरून काढू नका, भोक राहिलं तर कॅबिनेटचा ट्यूनिंग पोर्ट निकामी होतो आणि उरलेले कोन नको तेवढे हलतात. बंद दोघेही हवेने हलत राहणारच, म्हणून लो-बीच्या ३१ हर्ट्झच्या तारेवर आणि बेसच्या नॉबवर जोर देऊ नका.

मात्र बंद स्पीकरच्या वायरी एकमेकांना जोडून जोडीदाराला चालू करायचा उद्योग नको. मग त्या एकट्याला दुप्पट व्होल्टेज, म्हणजे चौपट वॅट, मिळतात आणि लोड साधारण ५.३ ओमवर येतो. अँप ते सोसेल, तो दहा-इंची सोसणार नाही.