तांग दरबारातल्या कनिष्ठ राणीचं रोजचं आयुष्य: कथेसाठी नेमके तपशील हवेत

रानजाई

चीनच्या तांग घराण्याची राजधानी चांगआन, तिथे इ.स. ६४९ ते ६५५ या काळात घडणारी दीर्घकथा लिहिते आहे. नायिका सम्राट ताइझोंगच्या अंतःपुरातली, खालच्या पदावरची आणि अपत्य नसलेली. सम्राटाच्या अखेरच्या महिन्यांत कथा सुरू होते आणि त्याच अंतःपुरातली वू (पुढे स्वतः सम्राज्ञी झालेली वू झेत्यान) नव्या सम्राटाची पट्टराणी होते तिथे संपते.

मालिकांमध्ये हेवेदावे आणि विषप्रयोग भरपूर असतात. मला हवंय ते वेगळं. तिचं पद नेमकं काय असेल? जेवण, कपडे, कोळसा कोण पुरवतं? दिवसभर ती काय करते? सम्राट गेल्यावर तिचं काय होतं? राण्यांची पंधरा रात्रींची पाळी असायची असंही वाचलं, ते खरं का?

ओवरी

आधी पद ठरवा, बाकी सगळं त्यावरून ठरेल. तांग काळात सम्राटाची धर्मपत्नी एकच, ती पट्टराणी. बाकीच्या कायद्याने ‘आतल्या अधिकारी’. बाहेरच्या अधिकाऱ्यांसारखीच त्यांना श्रेणी असायची आणि प्रत्येक श्रेणीत जागा मोजलेल्या. पहिल्या श्रेणीत चार ‘फेइ’: ग्वेफेइ, शूफेइ, दफेइ, श्येनफेइ. दुसऱ्या श्रेणीत नऊ ‘पिन’, त्यांत सर्वांत वरची झाओयी. मग ९ ज्येयू (तिसरी), ९ मेइरन (चौथी), ९ त्साइरन (पाचवी). त्याखाली बाओलिन, यून्यू आणि त्साइन्यू या तीन पायऱ्यांवर २७-२७ जागा. पट्टराणी सोडून एकूण १२१. हा कागदावरचा आराखडा आहे, सगळ्या जागा कायम भरलेल्या असत असं समजू नका.

तुमच्या नायिकेला ‘त्साइरन’ करा. वू ६३७ मध्ये वाड्यात आली ती याच पदावर, वय चिनी मोजणीने १४. श्यू हुइ ही विदुषीही त्साइरन म्हणूनच आली, पण ती चढत दुसऱ्या श्रेणीपर्यंत गेली. ६४८ मध्ये तिने सम्राटाला युद्धं आणि बांधकामांचा खर्च आवरण्याबद्दल लेखी निवेदन दिलं. वू मात्र ताइझोंगच्या हयातीत त्साइरनच राहिली. नायिका या दोघींना ओळखत असणार, याचा कथेत उपयोग होईल.

या पदांना दरबार किती काटेकोर मानत असे, याचं उदाहरण तुमच्याच काळातलं आहे. ताइझोंगचा मुलगा आणि वारस सम्राट गाओझोंग याला वूसाठी ‘चेनफेइ’ असं नवं पद काढायचं होतं. हान युआन आणि लाइ ची या मंत्र्यांनी ‘असा पूर्वप्रघात नाही’ एवढ्याच मुद्द्यावर ते अडवलं आणि सम्राटाला माघार घ्यावी लागली. राणीचं पद ही सम्राटाची खासगी बाब नव्हती.

ताम्रपट

पंधरा रात्रींचं गणित ‘झोऊ ली’ या प्राचीन विधिग्रंथावरच्या भाष्यातलं आहे. भाष्यकार झेंग श्वान दुसऱ्या शतकातला, म्हणजे तांग घराण्याच्या चारशे वर्षं आधीचा. हिशोब असा: ८१ जणी नऊ-नऊच्या गटाने, म्हणून ९ रात्री. २७ जणींच्या ३, नऊ जणींची १, तीन राण्यांची १, पट्टराणीची १. शुक्ल पक्षात खालून वर, पौर्णिमेनंतर वरून खाली. चंद्राच्या कलांवर बेतलेली ती आदर्श मांडणी आहे, तांग वाड्याचं वेळापत्रक म्हणून वापरू नका. संबंधांची नोंद मात्र होत असे. त्यासाठी सहाव्या श्रेणीच्या दोन स्त्री-लेखनिक असायच्या, त्यांना ‘तुंगशी’ म्हणत. मूल कोणाचं याबद्दल वाद राहू नये, हे त्यामागचं कारण.

मालिकांतून नकळत शिरणाऱ्या चुका आधीच काढून टाका. नावाच्या पट्ट्या उलटवून राणी निवडणं आणि दर तीन वर्षांनी मुलींची निवड या चिंग काळातल्या गोष्टी, म्हणजे हजार वर्षं नंतरच्या. ‘दामिंग’ राजवाडाही नको, कारण गाओझोंग तिथे राहायला गेला ६६३ मध्ये. तुमची कथा ताइजी राजवाड्यातच घडेल: पूर्वेला युवराजाचा वाडा, पश्चिमेला येतिंग, म्हणजे वाड्यातल्या कामकरी स्त्रियांची वसाहत. गुबगुबीत गाल आणि भव्य अंबाडे हे आणखी शंभर वर्षांनी, यांग ग्वेफेइच्या काळात. ६५० च्या सुमाराला अंगलट बारीक आणि बाह्या अरुंद.

एक तपशील अगदी तुमच्या वर्षांचा आहे. आधी वाड्यातल्या स्त्रिया घोड्यावर बसताना ‘मीली’ घेत, ते पूर्ण अंग झाकणारं वस्त्र. योंगहुइ शकापासून (६५० ते ६५५) त्याची जागा ‘वेइमाओ’ने घेतली: रुंद काठाची टोपी आणि मानेपर्यंतच येणारा जाळीदार पडदा. ६७१ मध्ये यावर बंदीचा हुकूम निघाला, तरी टोपी टिकली. सुरुवातीच्या प्रकरणात मीली आणि शेवटच्यात वेइमाओ दाखवलीत तर काळ आपोआप सरकेल.

रानजाई

हे फारच कामाचं आहे. नायिका आणि तिची सेवा करणाऱ्या बायका, यांत फरक कसा करायचा? आणि त्या एकमेकींना काय म्हणत?

ओवरी

वाड्यात तीन वेगळ्या उतरंडी होत्या. राण्या, स्त्री-अधिकारी आणि षंढ सेवकांचं खातं. या तीन एकत्र केल्या की गोंधळ होतो.

खरं काम चालवायच्या त्या स्त्री-अधिकारी. त्यांची सहा कार्यालयं आणि त्यांखाली २४ विभाग, प्रत्येक कार्यालयावर पाचव्या श्रेणीच्या दोन प्रमुख. म्हणजे तुमच्या त्साइरनची श्रेणी आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या प्रमुखबाईची श्रेणी एकच! यातून उठणारा ताण विषप्रयोगापेक्षा कितीतरी खरा वाटेल. ‘सिबू’ विभागाकडे नावांची वही आणि शिधा. ‘सिवेइ’कडे किल्ल्या. ‘सियी’कडे कपडे, ‘सियाओ’कडे औषधं, ‘सिदेंग’कडे दिवे. ‘सिशी’ विभाग वाड्यातल्या बायकांना धान्य, जेवण, सरपण आणि कोळसा वाटतो. थंडीत नायिकेला कोळसा कमी आला तर ती पट्टराणीकडे रडत जाणार नाही. आधी सिबूच्या वहीत तिची नोंद बरोबर आहे का हे बघायला माणूस पाठवेल, मग सिशीकडे. सम्राटाचं ताट जाण्याआधी अन्न चाखणं हे ‘शांगशी’ या भोजन-कार्यालयाच्या प्रमुखांचं नेमून दिलेलं काम होतं, त्यामुळे जेवणातून विष ही युक्ती तितकी सोपी नाही.

त्साइरनचं नेमून दिलेलं काम पुढच्या काळातल्या नोंदीत मिळतं: शयनगृहाच्या व्यवस्थेचा क्रम लावणं, रेशीम आणि अंबाडीच्या धाग्याचं काम बघणं आणि वर्षाअखेरीस त्याचा हिशोब सादर करणं. म्हणून तिच्या हातात सतत पंखा देऊ नका. चाती, रिळं, मोजमाप द्या.

शिकण्याची सोयही होती. वाड्यातल्या स्त्रियांसाठी विद्यालय होतं आणि त्याच्या नोंदीत १८ शिक्षक आहेत. अभिजात ग्रंथांना ५, इतिहास व गद्यलेखनाला ३, सुलेखनाला २, बाकी विषयांना एकेक: लाओ-च्वांग (ताओवादी) तत्त्वज्ञान, कायदा, काव्यपठण, गणित, अगदी पटावरचा खेळसुद्धा. शांगग्वान वानअर ही ६६४ सालची, आजोबांना देहदंड झाल्यावर तान्ही असताना आईबरोबर येतिंगमध्ये आली. पुढे तिने राजाज्ञांचे मसुदे लिहिले.

संबोधनांचं असं: सम्राटासमोर राणी स्वतःला ‘छ्ये’ म्हणते. मराठीत ‘ही दासी’ ठेवा, पण प्रत्येक वाक्यात नको, कंटाळा येतो. सम्राटाला जवळची माणसं वाड्यात ‘दाज्या’ म्हणत, अर्थ साधारण ‘धनी’. पट्टराणीला अधिकारी ‘द्येनश्या’ म्हणत. मालिकांत राणीला सारखं ‘न्यांगन्यांग’ म्हणतात, ते टाळा.

दीपमाळ

सम्राटाच्या मृत्यूबद्दल. हा भाग घाईने उरकू नका, नायिकेचं सगळं आयुष्य इथे वळतं.

६४९ च्या उन्हाळ्यात ताइझोंग चांगआनमध्ये नव्हता. राजधानीच्या दक्षिणेला झोंगनान डोंगरातल्या ‘त्सुइवेइ’ महालात तो होता आणि तिथेच वारला. बातमी तीन दिवस दाबून ठेवली, तोवर युवराजाला राजधानीत आणून बसवलं. राजधानीत असलेल्या राण्यांना हे कळायला वेळ लागला असणार. नायिकेला लगेच रडताना दाखवू नका.

पुढचा प्रश्न एकच: मुलगा आहे की नाही? मुलगा असेल तर राणी त्याच्या जहागिरीच्या नावाने ‘ताइफेइ’ होते. ताइझोंगची वेइ ग्वेफेइ अशीच ‘ची’ प्रांताची ताइफेइ झाली, आणि ६६५ मध्ये वारल्यावर तिला झाओलिंग या ताइझोंगच्या समाधीक्षेत्रात पुरलं. (ही बाई आधी एकदा विवाहित होती, पहिल्या नवऱ्यापासून तिला मुलगीही होती. विधवेला राजवाड्याची दारं बंद, अशी समजूत असेल तर ती काढून टाका.) मूल नसलेल्यांची वाट वेगळी. वूसह अनेक जणी गानये मठात भिक्षुणी झाल्या. दुसरी वाट समाधीची: मेलेल्या सम्राटाची सकाळ-संध्याकाळ सेवा, तोंड धुण्याचं पाणी ठेवणं, अंथरूण घालणं, जणू तो जिवंतच आहे. मला मठापेक्षा ही वाट जास्त भीषण वाटते. तिसरी श्यू हुइची: तिने दुखण्यात औषध घेतलं नाही आणि ६५० मध्ये २४ व्या वर्षी ती गेली.

वूचं परतणं ही भानगड गाओझोंगची पट्टराणी वांग हिच्यापासून सुरू होते. वांगला मूल नव्हतं आणि सम्राटाचं लक्ष श्याओ शूफेइकडे. वांगने दोन उपाय केले. मामा ल्यू श्र हे मंत्री होते, त्यांच्या सल्ल्याने तिने ली झोंग या खालच्या पदावरच्या स्त्रीच्या मुलाला आपलंसं केलं आणि ६५२ मध्ये त्याला युवराज करवलं. तो उपाय चांगलाच होता. दुसरा घातक ठरला: ताइझोंगच्या स्मृतिदिनी गाओझोंग मठात उदबत्ती लावायला गेला, तिथे वू भेटली. वांगने तिला गुपचूप केस वाढवायला सांगून वाड्यात आणलं, श्याओला शह म्हणून. मग ६५५ मध्ये जादूटोण्याच्या आरोपावरून वांगच्या आईला वाड्यात यायला बंदी झाली. माहेरच्या बायकांचं येणं-जाणं हाच पट्टराणीचा बाहेरच्या जगाशी धागा, तो तुटल्यावर ती एकटी पडली. दहाव्या चांद्रमासात वांग आणि श्याओ दोघींना सामान्य प्रजाजन ठरवणारा हुकूम निघाला, त्यात आरोप विष देण्याच्या कटाचा होता. तान्ह्या राजकन्येचा गळा दाबल्याचा जो प्रसंग सगळे रंगवतात, तो त्या हुकुमात नाही. त्याचं तपशीलवार वर्णन ११ व्या शतकातल्या ग्रंथांतलं आहे. कथेत तो अफवा म्हणून येऊ द्या.

अकराव्या मासाच्या पहिल्या दिवशी ‘ली ची’ नावाचा सेनापती पट्टराणीपदाची मुद्रा घेऊन वूकडे गेला. वांग आणि श्याओ कोंडलेल्या खोलीला जेवणाचं भांडं आत सरकवण्यापुरतं एक भोक होतं.

सोनकी

थोडं विषयाच्या कडेचं, पण मराठी वाचकाला जवळचं. ६५६ मध्ये वू गरोदर असताना बाळंतपण अवघड जाईल अशी भीती होती. तिने आशीर्वादासाठी विनंती केली ती ह्युएन त्संगला! तोच भिक्षू, जो पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन इथल्या लोकांच्या मानी स्वभावाबद्दल लिहून गेला आणि ६४५ मध्ये चांगआनला परतला. मुलगा झाला, त्याला ‘बुद्धप्रकाश राजपुत्र’ असं नाव मिळालं आणि महिनाभराचा झाल्यावर त्याचं मुंडन झालं. तोच पुढे सम्राट झोंगझोंग. तुमची कथा ६५५ ला संपते, पण भाषांतरात गुंतलेला ह्युएन त्संग पार्श्वभूमीवर असायला हरकत नाही.

रानजाई

नायिका मठात जात नाही, त्याआधीच दुखणं येऊन वाड्यात मरते, असा शेवट मनात आहे. तो कसा लिहावा?

ताम्रपट

आजारी बायकांसाठी वेगळी जागा होती, तिला औषधांचं कोठार जोडलेलं. औषध आणि मृत्यूनंतरचे कपडे देणं हे षंढ सेवकांच्या खात्यातल्या ‘शीग्वान’ कचेरीचं काम, आणि कपडे मृताच्या श्रेणीप्रमाणे. म्हणजे शेवटच्या वस्त्रावरही पाचवी श्रेणी दिसेल.

नायिका राणी आहे, म्हणून तिला नाव असलेला मृत्यूलेख मिळू शकेल. तिची एखादी साधी दासी मेली तर तिच्या थडग्यातली शिळा कशी असते तेही दाखवा, अशा शिळा बऱ्याच सापडल्या आहेत. मजकूर ठरलेला. वर श्रेणी, समजा ‘सातव्या श्रेणीची दिवंगत वाडास्त्री’. मग पहिलंच वाक्य: ‘ही कुठली, ते माहीत नाही.’ पुढे सद्गुणांच्या दोन-चार साचेबंद ओळी, मृत्यूचं वय, पुरल्याची तारीख. नाव कुठेच नाही. कारागीर एकाच साच्यावरून शिळा कोरत जात आणि वय, तारीख तेवढी बदलत.