मदत हवी आहे : हेस१ च्या मॉडेलमधली दोलनं विझून जातात

नमस्कार मंडळी,

बडोद्यात एमेस्सी करतेय, मूळची जीवशास्त्राची. गणिताशी बारावीनंतर फारकत. प्रोजेक्ट हेस१ जनुकावर आहे. त्याचं प्रथिन स्वतःच्याच जनुकाला दाबतं, आणि उंदराच्या पेशींना सीरम दिलं की एमआरएनए (जनुकाची नक्कल) आणि प्रथिन दोन्ही साधारण दोन तासांच्या आवर्तनानं वरखाली होतात (२००२ चं जपानी काम). मी एमआरएनए आणि प्रथिनाची दोन समीकरणं पायथॉनमध्ये सोडवली. आलेख एकदा उसळतो, थोडा हलतो की सपाट. हिल गुणांक (प्रथिन वाढलं की दाब किती एकदम चढतो त्याचा आकडा) १० केला तरी तेच. सर म्हणाले, तिसरं समीकरण घाल. केंद्रकातलं प्रथिन घातलं, गुणांक ५ ठेवला, तरी विझतं. आता काय करू? व्हायव्हा तोंडावर आलाय.

— दांडियाबाजारकर

घातांक : दोन समीकरणांत दोलनं टिकणारच नाहीत, गुणांक १०० केलास तरी. जेकोबियनचा (समीकरणांच्या आंशिक विकलजांचा तक्ता) ट्रेस, म्हणजे कर्णावरची बेरीज, इथे दोन्ही ऱ्हासदरांची (एमआरएनए आणि प्रथिन नष्ट होण्याचे दर) उणे बेरीज, कायम ऋण. बेंडिक्सनचा निकष लाव: ट्रेस चिन्ह बदलत नाही, तर बंद कक्षा, म्हणजे न विझणारं दोलन, शक्यच नाही. तीन समीकरणं म्हणजे गुडविनचं मॉडेल, स्वतःला दाबणाऱ्या जनुकाचं जुनं मॉडेल. त्यात तिन्ही ऱ्हासदर सारखे असले तरी गुणांक ८ च्या वर लागतो (ग्रिफिथ, १९६८), दर वेगवेगळे असले तर आणखी जास्त. खऱ्या प्रथिनाकडून एवढी अपेक्षा म्हणजे अतीच.

तुझ्या मॉडेलमध्ये नाहीये तो उशीर. जनुकाची नक्कल होणं, तिची काटछाट, केंद्रकाबाहेर पडणं, सगळ्याला वेळ लागतो. २००३ मध्ये मंक यांनी नेमकं हेच हेस१ साठी मांडलं. दोनच समीकरणं ठेव, पण आत्ताची निर्मिती २० मिनिटांपूर्वीच्या प्रथिनावर ठरू दे. अर्धायुष्यं एमआरएनएचं २४ आणि प्रथिनाचं २२ मिनिटं धरून हातानं गणित केलं: गुणांकाचा उंबरठा ४ च्या आसपास, आवर्तन सुमारे १२० मिनिटं. तुझा ५ चालेल, फक्त दाब जोरकस हवा. सायपायच्या (पायथॉनची गणिती लायब्ररी) नेहमीच्या सॉल्व्हरला मागचं आठवत नाही. जुनी मूल्यं अॅरेत साठव आणि ऑयलरच्या पद्धतीनं छोट्या पावलांनी पुढे जा.

दांडियाबाजारकर : दादा, १२० आलं!! पण प्रयोगातली दोलनं काही आवर्तनांनंतर मंदावतात, माझी अखंड चालू आहेत. परीक्षक हेच धरतील.

घातांक : धरू देत. प्रयोगातला आकडा हजारो पेशींची सरासरी आहे, आणि पेशींचा ठेका हळूहळू एकमेकींशी जुळेनासा होतो. चार सोसायट्यांचे गरबे एकदम कानावर आले की एकाचाही ठेका लागत नाही, तसं. २००६ मध्ये एकेक पेशी पाहिली तेव्हा ती हलतच होती, फक्त अनियमितपणे. प्रत्येक पेशीचा उशीर १८ ते २२ मिनिटांत यादृच्छिक ठेवून २०० पेशी चालव, सरासरी काढ. आलेख इथे टाक, बघतो.