जाळकाम आधी, रंग नंतर

लाकडी स्टुलावर आधी ॲक्रिलिक रंग द्यावा आणि मग जाळकाम करावं, म्हणजे तापल्या पेनाने लाकडावर रेषा जाळाव्यात, की त्या उठून दिसतात, असा एक सल्ला वाचला. दिसतीलही, पण कृपा करून हे करू नका. ॲक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिकच. तापलेलं टोक टेकलं की ते वितळतं आणि धूर थेट नाकात. पेन्सिल, मग जाळकाम, मग रंग, हाच क्रम ठेवा. या क्रमाचा एक मोठा फायदा आहे, तो त्या सल्ल्यात आला नाही. जाळलेली रेघ म्हणजे बारीकसा चर असतो. पातळ रंग लाकडाच्या तंतूंतून पसरत येतो आणि बहुतेक वेळा त्या चरापाशी अडतो. शिवण झाडाच्या लाकडी फळीवर मोरपिसाचा डोळा असा रंगवून बघा, निळा हिरव्यात उतरत नाही. रंग मात्र पाण्यासारखा हवा, दाट थराखाली रेघ बुजते.

आपल्या ठाण्याच्या हवेसाठी आणखी एक: भर पावसाळ्यात स्पिरिटमधलं लाखेचं पॉलिश फिरवू नका. स्पिरिट उडताना फळी गार होते, हवेतला दमटपणा तिच्यावर धरतो आणि पांढुरका पडदा येतो, सगळं बारीक काम त्याखाली झाकोळतं. गणपतीसाठी रंगवलेला पाट हवा असेल तर मी पॉलिश मे महिन्यातच उरकते.