तालुक्याचं गाव नगरपंचायत झालं, मजुराच्या हाती काय आलं?

माळरान:
लातूर-बीडच्या सीमेवरचं आमचं गाव. १९९९ ला तालुका झाला तेव्हा गुलाल उधळला. २०१४ साली सरकारनं तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायती सरसकट नगरपंचायती करायचं ठरवलं, तेव्हा पुन्हा गुलाल. केज, पाटोदा, वडवणी, रेणापूर, चाकूर, देवणी, जळकोट, लोहारा, वाशी, पालम, सेनगाव, मंठा, बदनापूर... मराठवाड्यात अशी रांग लागली. १७ प्रभाग पडले, १७ नगरसेवक झाले, पुढाऱ्यांच्या गाडीवर 'नगराध्यक्ष' लागलं.

नगरपंचायतीसाठी कायद्यात अट होती. वस्ती दहा ते पंचवीस हजार, आणि किमान पंचवीस टक्के लोकांचं पोट शेतीबाहेरच्या धंद्यावर. तालुक्याच्या गावांसाठी ही अट बाजूला ठेवली. म्हणजे गाव शहर झालंय का हे कोणी पाहिलंच नाही, तहसील आहे ना, मग झालं शहर! आमच्यातली निम्मी माणसं आजही सोयाबीन काढायला जातात, आणि दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याला.

गेलं काय ते सांगतो. रोजगार हमीचा केंद्राचा कायदा ग्रामीण भागापुरता, त्यामुळं जॉबकार्डं एका अधिसूचनेनं कागदाचे कपटे झाली. शेजारच्या वाडीतल्या बाईला नालाबांधाचं काम मिळतं, आमच्या हद्दीतल्या बाईला मिळत नाही. दोघींच्या घरात अंतर एका ओढ्याचं. नवोदयला ७५ टक्के जागा ग्रामीण लेकरांना, आणि तिसरी ते पाचवीत एक दिवस जरी शहरी शाळेत काढला तरी लेकरू शहरी धरतात. आमची शाळा तीच, मास्तर तेच, गळणारं छप्पर तेच. २०२० पासून ड्रोननं गावठाणं मोजून घराची सनद द्यायची स्वामित्व योजना आली, तीही खेड्यांसाठी. रस्त्यात जमीन गेली तर २०१३ च्या कायद्यानं ग्रामीण भागात बाजारभावाला दोनपर्यंत गुणक, शहरात एक. वर ग्रामसभा गेली. पूर्वी निदान चावडीवर उभं राहून सरपंचाला शिव्या तरी घालता यायच्या.

माझं म्हणणं सरळ आहे. बसस्टँडच्या रस्त्याला ज्याचा प्लॉट होता, त्याचं भलं झालं. जो मजुरी करून खातो त्याच्या अंगावरून सरकारनं ग्रामीणपण काढून घेतलं, आणि बदल्यात घरपट्टी वाढवून दिली.

स्टँडरोड:
माळरानभाऊ, तुम्ही ग्रामपंचायतीचा सुवर्णकाळ रंगवायलाय. मी त्याच गावात दुकान चालवतो (तुमचं नसलं तर तसल्याच दुसऱ्या गावात). ग्रामपंचायत असताना पथदिव्याचं बिल थकायचं आणि गाव सहा-सहा महिने अंधारात. नाली म्हणजे घरासमोरचा चर. रोजगार हमीचं म्हणाल तर किती जणींनी खरंच टोपलं उचललं आणि किती नावं हजेरीपटावर बसून खात होती, हे गावात विचारा. मुकादमाच्या मेव्हण्याचंही जॉबकार्ड होतं.

आता सकाळी घंटागाडी येते, मेन रोड सिमेंटचा झाला, बाजारतळावर ओटे झाले. दुकानात गिऱ्हाईक वाढलं म्हणून मी दोन पोरं कामाला ठेवली. रोजगार असाही तयार होतो, खड्डे खांदूनच होतो असं नाही. आणि घरकुलाचं का नाही सांगितलं? ग्रामीण घरकुलाला २०२५ पर्यंत १ लाख २० हजारच होते, शहरी घरकुलाला केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख. तेव्हाच्या दुपटीहून जास्त. हे मजुराला मिळत नाही का?

कापूसवेचणी:
दादा, अडीच लाखाचं ऐकून आमच्याही गल्लीत पेढे वाटले होते. मग कागदं मागितली. जागा स्वतःच्या नावावर पाहिजे, मालमत्तापत्रक पाहिजे, बांधकामाचा नकाशा मंजूर पाहिजे. आमच्या वस्तीत तीन पिढ्यांचं राहणं, पण जागा गायरानात. कोणाकडं आजोबाच्या नावची नमुना आठची (ग्रामपंचायतीच्या घर-आकारणीची) पावती, कोणाकडं तेवढीही नाही. ग्रामपंचायतीत नमुना आठवर भागायचं. अडीच लाख कोणाला मिळाले ते मोजून या. ज्यांचं आधीच स्लॅबचं घर होतं, त्यांनी वरचा मजला चढवला.

आणि तुमच्या घंटागाडीवर कोण आहे ते पाहिलंय का? ग्रामपंचायतीच्या वेळचे झाडूवाले आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, बसले नाहीत म्हणून कित्येकांचं समावेशन रखडलं. आता काम ठेकेदाराकडं. तीच माणसं, तोच झाडू, पगार ठेकेदाराच्या मर्जीनं. पीएफ कापतात म्हणे, कुठं भरतात देव जाणे. माझी जाऊ त्यात आहे, म्हणून सांगते. तुमच्या दुकानातली दोन पोरं दिसतात, पावसाळ्यात चार महिने घरी बसणाऱ्या बाया दिसत नाहीत.

निवृत्त लेखापाल:
मी नगरपरिषदांमध्ये नोकरी केली, म्हणून पैशाची बाजू मांडतो. दोन्हीकडचे लोक भावनेनं लिहीत आहेत.

नगरपरिषदा पूर्वी जकातीवर जगायच्या. १९९९ ला नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि त्या बदल्यात सहायक अनुदान सुरू झालं. जुन्या परिषदांचं, म्हणजे उदगीर, अंबाजोगाई, परळी, हिंगोली यांचं, कसंबसं भागतं. २०१४-१५ च्या नव्या नगरपंचायतींना जकातीचा इतिहासच नाही. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं आणि आठवडी बाजाराची पावती. बाकी सगळं वरून येणार.

वरून येतं ते कामाच्या नावानं येतं. नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण कामांचं अनुदान, रस्ता अनुदान, दलित वस्ती सुधारणा, वित्त आयोग. त्यात रस्ता बसतो, सभागृह बसतं, स्वागत कमान बसते. पाणीपुरवठ्याच्या मोटारीचं वीजबिल त्यात बसत नाही, जळालेली मोटार पुन्हा भरून आणणं बसत नाही. म्हणून तुम्हाला गल्लोगल्ली गट्टू दिसतात आणि नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. मुख्याधिकारी चोर असेल किंवा नसेल, हिशोबाची ही रचनाच तशी आहे.

पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामीण निधीतला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना थेट खात्यावर मिळाला, हे माळरान यांच्या बाजूनं सांगतो. पण त्यांच्या विरोधात हेही सांगतो, की घरपट्टी 'वाढवून दिली' म्हणता ती भरता का? चतुर्वार्षिक आकारणी झाली की सगळं गाव हरकती घेऊन येतं. नगरसेवकच वसुलीवाल्याला गल्लीतून परत पाठवतो. मार्चअखेरीला बँड लावून थकबाकीदारांच्या दारात उभं राहावं लागतं आणि पहिलं दार बहुतेक वेळा पुढाऱ्याचं असतं. जो गाव स्वतःचे दिवे स्वतःच्या पैशावर लावू शकत नाही, त्यानं शहर काय आणि खेडं काय.

सोयाबीन४०००:
काका, वसुलीचं बरोबर, पण भरायचं कशातून? यंदा माल हमीभावाखाली विकला. गावातल्या दुकानदाराचंही गिऱ्हाईक शेतकरीच ना? सोयाबीनला भाव नसला की कापडाचं दुकानही बसतं. पुण्या-पिंपरीच्या घरपट्टीची फुटपट्टी इथं लावू नका. तिथं कंपनी आहे, इथं आडत आहे.

आणि स्टँडरोडवाल्या शेठला एक विचारतो. मोठं झालं की सोयी येतात म्हणता, मग लातूर २०११ ला महानगरपालिका झालं आणि २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालं. पाणवठ्यावर १४४ कलम लावावं लागलं. मांजराचं धरण कोरडं पडलं तेव्हा महापालिकेच्या पाटीतून एक थेंब निघाला नाही.

स्टँडरोड:
दुष्काळ महापालिकेनं आणला का? ग्रामपंचायत असती तर धरण भरलं असतं? उलट रेल्वे लातूरला आली, कारण लातूर मोठं होतं, दिल्लीपर्यंत बोंब पोचली. त्याच उन्हाळ्यात खेड्यात टँकरच्या खेपेवरून डोकी फुटली, त्याची बातमीही झाली नाही. माझा मुद्दा तोच आहे. मोठ्या नावाला मोठा निधी.

जलजीवनमध्ये खेड्याला माणशी ५५ लिटर धरतात, शहराचा हिशोब त्याहून वरचा, १३५ लिटरचा. शहरांच्या पाण्यासाठीच्या केंद्राच्या अमृत २.० योजनेत लहान शहरंही घेतली आहेत. योजना मंजूर झाली तर पुढच्या तीस वर्षांचं पाणी होईल. तुम्हाला पुन्हा ग्रामपंचायत करून ५५ लिटरवर जायचंय का?

कापूसवेचणी:
आठवड्यातून एकदा नळ येतो तिथं ५५ काय आणि १३५ काय. आमच्याकडं दोनशे लिटरचा निळा बॅरल हेच माप. ज्याच्या घरी बोअर आणि सिंटेक्स, त्याला योजना नसली तरी चालतं. जारवाल्याला महिन्याला पैसे मोजतो ते कोणत्या पट्टीत धरायचे?

बिनपदाचा:
मूळ प्रश्न कारभाराचा आहे आणि त्यावर सगळेच मऊ बोलायलेत. पहिली पाच वर्षं संपली, त्यानंतर २०२० च्या शेवटापासून प्रशासक. निवडणूक झाली ती डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ अशी दोन टप्प्यांत, ओबीसी जागांचा घोळ कोर्टात होता म्हणून. तोवर कोणाला विचारायचं हेच माहीत नव्हतं. निवडून आलेले काय करतात? सतरापैकी किती जणांचे भाऊ-पुतणे ठेकेदार आहेत ते गावाला पाठ आहे. एकच रस्ता दोन योजनांतून होतो.

माळरान ग्रामसभेसाठी रडतात. शहरातही क्षेत्रसभा घ्यायची तरतूद २००९ पासून कायद्यात आहे. कुठल्या नगरपंचायतीत झाल्याचं ऐकलंय? मागितली कोणी? आपणही व्हॉट्सअॅपवर खड्ड्याचा फोटो टाकून झोपतो.

माळरान:
क्षेत्रसभेचं बरोबर आहे, ती मागायलाच पाहिजे. पण तिला ग्रामसभेसारखे दात नाहीत, हेही लक्षात घ्या. ग्रामसभा लाभार्थ्यांची यादी ठरवते. इथं यादी वरच्या मजल्यावरच्या टेबलावर ठरते.

शेठ, पुन्हा ग्रामपंचायत करा असं मी म्हटलेलंच नाही. ते होणारही नाही, एकदा लागलेलं नगरसेवकपद कोण सोडतो. मी म्हणतो, हद्दीत राहणारा मजूर खेड्यातल्या मजुरापेक्षा श्रीमंत नाही, तर त्याचा हक्क हद्दीवर का अडवता? विकास आराखड्यात गावाभोवतीची शेती पिवळी, म्हणजे घरांसाठीची, रंगवली, तिचे गुंठे पडले, पैसा झाला. ती शेती राखणारा सालगडी होता, त्याच्या वाटणीला काय रंग आला?

निवृत्त लेखापाल:
एक गोष्ट कोणीच काढली नाही. केंद्राचा कायदा २००५ ला आला आणि तो ग्रामीण भागापुरता, हे खरं. त्याआधी आपल्या राज्याचा १९७७ चा रोजगार हमी कायदा आहे. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलाव झाले, त्या अनुभवातून आलेला. त्यात ग्रामीण भागाबरोबर 'क' वर्ग, म्हणजे सगळ्यात लहान, नगरपालिकांची हद्दही धरली होती. नगरपंचायत हा प्रकार राज्यात १९९४ नंतर आला, म्हणून मूळ कायद्यात तो शब्द सापडणार नाही. पण 'क' वर्गाच्या गावाला काम मिळत असेल, तर त्याहून लहान नगरपंचायतीला नाही हे कोणत्या न्यायानं?

आणखी एक. नागरी भागातल्या दुकानांच्या करपावतीत रोजगार हमी उपकराचा रकाना असतो. स्टँडरोड, तुमची पावती काढून पाहा.

स्टँडरोड:
पाहिली. आहे रकाना. म्हणजे ज्या हमीला मी नावं ठेवतो तिचे पैसेही मीच भरतो. आणि काम मात्र गावात कोणालाच नाही, हे जरा जास्तच झालं.

तरी माझं मत तेच. गावात काम म्हणजे काय काढणार? हद्दीत माळ किती राहिलाय? नालाबांध कुठं घालणार, मेन रोडवर?

सोयाबीन४०००:
गावतळ्यात किती गाळ साचलाय ते विसरलात? जुन्या बारवा बुजल्यात. स्मशानभूमीच्या रस्त्याला पावसाळ्यात प्रेत नेता येत नाही. ओढ्याचं पात्र वेड्या बाभळींनी भरलंय, दर पावसाळ्यात खालची गल्ली बुडते. कामाची काय वानवा आहे! जेसीबीला देता तेच हाताला द्या, एवढंच.

बिनपदाचा:
जेसीबी कोणाचा आहे ते सांगू का?

कापूसवेचणी:
ते सगळ्यांना माहीत आहे, राहू द्या. काका, मला एवढंच सांगा, काम मागायचं तर अर्ज कुठं द्यायचा? आमच्या गल्लीत पंधरा-वीस बाया तयार आहेत. ऊस संपवून चैतात परत येणाऱ्याही येतील.

निवृत्त लेखापाल:
ताई, कामाच्या मागणीचा नमुना ४ असतो. एकीनं न देता सगळ्यांनी मिळून द्या. एक प्रत तहसीलदारांच्या रोजगार हमी शाखेत, एक मुख्याधिकाऱ्यांकडं. 'आमच्याकडं ही योजना नाही' असं टेबलावरचा माणूस म्हणेल. वाद घालू नका, तेच त्याला अर्जावर लिहून द्यायला सांगा. आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय उठू नका. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारभत्ता देय होतो, आणि ते पंधरा दिवस त्या पोचवरच्या तारखेपासून मोजतात.

स्टँडरोड:
झेरॉक्स माझ्या दुकानात करा, पैसे नकोत. मत बदललेलं नाही, आधीच सांगून ठेवतो.