मदत हवी आहे : गरीवाल्याने मच्छीमार सोसायटीचं सभासद व्हावं का?

नमस्कार मंडळी. मी मालवणजवळचा. चार वर्षांपासून छोट्या फायबर होडीवर गरी (मासे धरायचा गळ) टाकून तांबोशी, गोबरा आणि शेंगाळा पकडतो. आधी हौस होती, आता घर त्यावरच चालतं. गावच्या मच्छीमार सहकारी सोसायटीत नाव घाल, असं काका सारखे सांगतात.

सोसायटीचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे डिझेलच्या करावरचा परतावा. पण माझं इंजिन पेट्रोलचं, मग मला त्याचा काय उपयोग? शिवाय आमच्याकडच्या सभेत मोठ्या ट्रॉलरवाल्यांचाच आवाज चालतो. रात्री त्यांची जाळी किनाऱ्यालगत फिरली की दुसऱ्या दिवशी माझी गरी रिकामी येते. त्यांच्याच शेजारी बसून मी तक्रार कशी मांडायची, हा खरा प्रश्न आहे.

दुसरी बाजूही दिसते. अपघात विम्यात मृत्यू झाल्यास घरच्यांना 5 लाख मिळतात. 2025 मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, म्हणजे कर्जाची वाटही थोडी सोपी होईल असं वाटतं. मुलगी दोन वर्षांची आहे, त्यामुळे विम्याचा विचार मनातून जात नाही.

तुमच्यात कोणी गरीवाले किंवा पागवाले (हाताने फेकायचं जाळं वापरणारे) सभासद आहेत का? विमा आणि किसान क्रेडिट कार्ड सोसायटीशिवाय, थेट परवाना अधिकाऱ्याकडून करून घेतलंय का कोणी? मासळी सोसायटीलाच घालायची सक्ती असते का? आम्ही पाच-सहा गरीवाले एकदम सभासद झालो तर सभेत आमचं ऐकतील का? कृपया स्वतःचा अनुभव सांगा.