पर्यटक किती आले, की पैसा किती राहिला?

आडवाट :
एखाद्या भागातलं पर्यटन वाढलं की लगेच आकडा जाहीर होतो तो माणसांचा. यंदा इतके लाख आले, गेल्या वर्षीपेक्षा इतके टक्के जास्त. तिथे राहणाऱ्यांना या आकड्याचा काडीचा उपयोग नाही. खर्च झालेल्या पैशातला त्या भागात उरला किती, हे विचारायला हवं.

एका मुक्कामाचे पैसे कुठे जातात ते बघा. बुकिंग संकेतस्थळावरून, म्हणजे कमिशन आधीच कापलं गेलं. हॉटेल बाहेरच्या कंपनीचं, नफा तिकडे. चादरी, साबण, भाजीसुद्धा ट्रकने बाहेरून. मॅनेजर बाहेरचा. स्थानिकाच्या हाती पडतो तो झाडलोटीचा आणि पहाऱ्याचा पगार, तोही हंगामापुरता. अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात. पाणी आणि कचऱ्याचा खर्च मात्र स्थानिकांच्याच करातून.

हिशेबनीस :
साफ असहमत. गळती आहे, पण तुलना कशाशी करताय? जिथे कारखाना नाही, शेती पावसाच्या भरवशावर आणि तरुण पोरं शहराची वाट धरतात, तिथे हंगामी पगारसुद्धा मोठा आधार असतो.

शिवाय तुम्ही पैसा पहिल्या हातापाशीच मोजून थांबलात. झाडलोट करणारी बाई त्या पगारातून घराचं छप्पर नीट करून घेते, गवंड्याला काम मिळतं, गवंडी मुलांची फी भरतो. तोच रुपया भागात दोन-तीनदा फिरतो. याची खरी किंमत २०२० मध्ये कळली. जगभरातले आंतरराष्ट्रीय पर्यटक ७० टक्क्यांहून जास्त घटले आणि मालदीवचं सकल उत्पादन एका वर्षात जवळपास एक तृतीयांशाने आक्रसलं. पर्यटन निरुपयोगी असतं तर ते थांबल्याने इतकं नुकसान झालं असतं का?

आडवाट :
पर्यटन निरुपयोगी आहे असं मी कुठेच म्हटलेलं नाही, निरुपयोगी आहे तो माणसं मोजणारा आकडा. आणि मालदीवचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. एकाच धंद्यावर सगळा देश टेकवला की काय होतं ते त्या वर्षी दिसलं.

तिथलीच दुसरी गोष्ट पाहा. अनेक दशकं रिसॉर्ट वेगळ्या, निर्जन बेटांवर होती आणि लोकवस्ती वेगळ्या बेटांवर. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहांना वाट मोकळी झाली, तेव्हा माफुशीसारख्या बेटावर स्थानिक लोक स्वतः खोल्या चालवू लागले, पर्यटकांना बोटीतून फिरवू लागले. देश तोच, समुद्र तोच. परवाना कुणाला मिळतो हा नियम बदलला आणि पैसा जिरण्याची जागा बदलली.

खिडकी :
अतिथिगृहांचं इतकं कौतुक नको. खोली पर्यटकाला देण्यात जास्त पैसे सुटतात म्हटल्यावर घरमालक भाडेकरू ठेवेल कशाला? तिथल्या शिक्षिकेने, परिचारिकेने राहायचं कुठे? बार्सिलोनाने २०२४ मध्ये जाहीर केलं की २०२८ पर्यंत पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या सुमारे दहा हजार सदनिकांचे परवाने संपवणार. घर असलेल्याची कमाई आणि नसलेल्याची भाडेवाढ एकाच वेळी होते. 'स्थानिक' म्हणून दोघांना एका पारड्यात घालू नका.

हिशेबनीस :
@खिडकी, हा मुद्दा रास्त आहे, पण तो मोठ्या शहरांचा. ओस पडत चाललेल्या भागात कुलूपबंद घरंच जास्त असतात.

@आडवाट, परवान्यांचं पटलं. पण "किती उरला" हे मोजणार कोण? पर्यटनाचा हिशेब मांडायची संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेली पद्धत आहे, पर्यटन उपग्रह लेखा, पण ती मुख्यतः देशपातळीवरची. तालुक्याएवढ्या भागासाठी अंदाजच बांधावे लागतात. तोवर निदान मुक्कामाच्या रात्री मोजा. दिवसभरात येऊन जाणारा पर्यटक गर्दी तेवढीच करतो, खर्च फार कमी. व्हेनिसने २०२४ मध्ये ठरावीक दिवशी ५ युरोंचं प्रवेशशुल्क लावलं ते अशाच पर्यटकांवर. मुक्कामी पाहुण्यांना त्यातून सूट आहे.

आडवाट :
रात्री मोजायला माझी हरकत नाही. फक्त त्या रात्री कुणाच्या मालकीच्या छपराखाली गेल्या, हा रकाना त्याच तक्त्यात हवा.