मानसशास्त्रात एम.ए. झाले, पण शाखा निवडलेली नाही : ही उणीव की ताकद?

वाटसरू : एम.ए. झालेल्या विद्यार्थ्याला ‘क्लिनिकल (मानसिक आजारांवरील उपचार) की इंडस्ट्रियल (उद्योग-कार्यालयांतील काम)?’ असे विचारले जाते आणि त्याने शाखा निवडली नसेल, तर त्याचे शिक्षण अपुरे राहिले असे गृहीत धरले जाते. मला हे मान्य नाही. वर्तन मोजायचे कसे, प्रश्न विचारायचा कसा आणि हाती आलेल्या आकड्यांवर कितपत विसंबायचे, हे ज्याला पक्के येते, त्याला कर्मचारी निवड, यूजर रिसर्च (वस्तू वा सेवा वापरणाऱ्यांचा अभ्यास), सर्वेक्षणे अशा अनेक क्षेत्रांत मोलाचे काम करता येते. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ हे अमेरिकी बॉम्बफेकी विमान उतरवल्यावर काही वैमानिक फ्लॅपऐवजी (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांऐवजी) चाकेच आत ओढून घेत आणि खापर त्यांच्यावर फुटत असे. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञांनी कॉकपिट पाहिले, तेव्हा दोन्ही खटके शेजारीशेजारी आणि दिसायला सारखेच असल्याचे त्यांच्या लक्षात आले. एका खटक्याला चाकाचा आणि दुसऱ्याला पाचरीचा आकार देणे, हा त्यांचा साधा उपाय होता.

समुपदेशिका : उदाहरण उत्तम आहे, पण ते आपल्या मताच्या विरोधात जाते. चापानिस यांनी १९४३ मध्ये येल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली होती. ‘सगळे थोडे थोडे येते’ असे सांगणाऱ्या उमेदवाराचा अर्ज, नेमके एक काम येणाऱ्याच्या अर्जापुढे टिकत नाही. माझी खरी काळजी मात्र वेगळी आहे. काम मिळाले नाही, की हीच मंडळी देखरेखीखालील प्रशिक्षण न घेताच समुपदेशनाकडे वळतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला आधीच्या ‘समुपदेशका’ने मन रमवण्याचा सल्ला देऊन परत पाठवले होते, आत्महत्येचे विचार येतात का, हे तिला कोणी विचारलेच नव्हते.

वाटसरू : तुमची काळजी मला पूर्णपणे मान्य आहे. उपचाराचे काम प्रशिक्षणाशिवाय आणि नियमानुसार लागणाऱ्या परवान्याशिवाय कोणीही करू नये. डॉक्टरेटचा मुद्दाही रास्त आहे, म्हणून दुसरे उदाहरण देतो. डॅनियल काहनमन यांना पुढे, २००२ मध्ये, अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पण १९५०च्या दशकात इस्रायली सैन्यात भरतीच्या मुलाखतींची पद्धत त्यांनी बदलली, तेव्हा त्यांच्याकडे केवळ पदवी होती. मुलाखतकाराने आधी एकूण छाप सांगण्याऐवजी ठरावीक गुण एकेक करून, ठोस प्रश्नांच्या आधारे तपासावेत, एवढाच तो बदल होता.

पडताळणी : मी गेली अनेक वर्षे सर्वेक्षणांचे काम करतो आणि माझ्याकडे कोणत्याही शाखेचा शिक्का नाही. नोकरी सोडणाऱ्यांसाठीच्या एका प्रश्नावलीत ‘पगार आणि वरिष्ठांची वागणूक समाधानकारक होती का?’ असा एकच प्रश्न होता. बहुतेकांनी ‘नाही’ लिहिले होते आणि व्यवस्थापन पगारवाढीचा विचार करत होते. मी त्या प्रश्नाचे दोन प्रश्न केले, तेव्हा तक्रार मुख्यतः वरिष्ठांबद्दल असल्याचे दिसले. तरीही समुपदेशिकाताईंचे एक म्हणणे मला पटते : अर्जात ‘मानसशास्त्राचे सर्वसाधारण ज्ञान’ असे लिहून भागत नाही. मी मुलाखतीला जाताना जुनी आणि सुधारलेली, अशा दोन्ही प्रश्नावल्या सोबत नेत असे.

समुपदेशिका : मग आपण त्या कामात विशेषज्ञच झालात, फक्त ते शिक्षण विद्यापीठाबाहेर झाले. आता विद्यार्थ्यांनी विचारायचा प्रश्न असा, की अशी पहिली प्रश्नावली त्यांच्या हाती कोण देणार? एम.ए.च्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचे एक पूर्ण सत्र सक्तीचे असते, तर मी या चर्चेत आपल्या बाजूने बोलले असते.